आपले प्रश्न, आमची उत्तरे : जठर-आतड्यांची संप्रेरके आणि मूत्रपिंड

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्याने या अंकात ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून सूतगिरणीतून निवृत्त झाले आहेत. मूत्रपिंडाच्या आजारामुळे त्यांचे क्रिएटिनिन ४.१ आहे. छातीत जळजळ होते म्हणून ते वर्षभर पॅन्टोप्राझोलची गोळी घेत आहेत. अलीकडे केलेल्या रक्ततपासणीत गॅस्ट्रिन ३८० आले. अहवालात वरची मर्यादा १०० छापलेली आहे. मोबाइलवर शोधले तेव्हा स्वादुपिंडात गाठ असल्यास गॅस्ट्रिन वाढते असे वाचले आणि घरात सगळेच हादरले. गाठच असेल का? आणि जठराच्या संप्रेरकाचा मूत्रपिंडाशी काय संबंध? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण दिलेल्या माहितीत गाठीकडे बोट दाखवणारे फारसे काही नाही, आणि गॅस्ट्रिन वाढण्याची दोन नेहमीची कारणे मात्र स्पष्ट दिसतात : एक मूत्रपिंडाचा आजार, दुसरे पॅन्टोप्राझोल. तरीही अंतिम निर्णय वडिलांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असावा. हा आकडा कसा वाचायचा हे समजले तर त्यांच्याशी बोलणे आपल्याला सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आतड्यातून रक्तात उतरणारा रासायनिक निरोप असतो, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये १९०२ साली सिक्रेटिनवरील प्रयोगांतून दाखवले. १९०५ साली एडकिन्स यांनी जठराच्या खालच्या भागातील अशाच एका द्रव्याला गॅस्ट्रिन हे नाव दिले. जेवण जठरात पोचले की तेथील जी-पेशी गॅस्ट्रिन रक्तात सोडतात, ते रक्तातून फिरून पुन्हा जठराच्याच वरच्या भागात येते आणि तेथील आम्ल वाढवते. जेवण पुढे सरकल्यावर हा निरोप थांबायला हवा. त्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात : नवे गॅस्ट्रिन सुटणे कमी व्हावे लागते, आणि आधी सुटलेले रक्तातून नाहीसे व्हावे लागते. पहिल्या गोष्टीविषयी शालेय पुस्तकांतही माहिती असते; दुसरीविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

गॅस्ट्रिन रक्तातून काढून टाकणाऱ्या अवयवांत मूत्रपिंडाचे स्थान मोठे आहे. विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, आणि तेथील केशिकांच्या गुच्छांमधून दर मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. ही गाळणी रक्तातील अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने अडवते. गॅस्ट्रिन मात्र अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. तिचा एक प्रकार १७ आणि दुसरा ३४ अमिनो आम्लांचा असतो. अल्ब्युमिनचा रेणू १७ अमिनो आम्लांच्या गॅस्ट्रिनपेक्षा तीस पटींहून अधिक जड असतो. त्यामुळे गॅस्ट्रिन गाळणीतून सहज पार होते आणि पुढच्या नलिकेत येते.

एवढ्यावर काम संपत असते तर गॅस्ट्रिन लघवीवाटे बाहेर पडले असते, पण तसे होत नाही. गाळणीनंतर लगेच येणाऱ्या समीपस्थ नलिकेच्या आतल्या बाजूला अत्यंत बारीक केसाळ अस्तर असते आणि त्यावर प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, बसलेली असतात. नेप्रिलिसिन हे त्यांतले एक. छोट्या, सरळ साखळीची संप्रेरके येथेच तुटतात आणि सुटी झालेली अमिनो आम्ले शरीर परत घेते. इन्सुलिनसारखे मोठे, घड्या असलेले रेणू नलिकेच्या पेशी आत ओढून घेतात आणि पेशीतील लायसोसोममध्ये त्यांची मोडतोड होते. मूत्रपिंड म्हणजे केवळ गाळणी, हा समज येथे अपुरा पडतो. गाळणे हा कामाचा पहिला भाग झाला. संप्रेरक नष्ट होते ते नलिकेत. कुत्र्यांवरील प्रयोगांत मूत्रपिंडात शिरणाऱ्या रक्तापेक्षा तेथून परतणाऱ्या रक्तात गॅस्ट्रिन कमी आढळले, पण घटलेल्या गॅस्ट्रिनपैकी जेमतेम अंश लघवीत सापडला. उरलेले मधल्या वाटेवर तुटले होते.

आता आपल्या वडिलांच्या अहवालाकडे येऊ. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि घरोघरी टाक्या असतात, म्हणून हे उदाहरण देतो : टाकी काठोकाठ भरलेली दिसली म्हणजे नळ जोरात सुटला आहे असे म्हणता येत नाही, कारण खालची तोटी गाळाने तुंबली असली तरी टाकी तशीच भरलेली राहते. रक्तातील संप्रेरकाचा आकडा ही अशी पातळी आहे. निर्मिती आणि विल्हेवाट या दोहोंच्या हिशेबातून ती ठरते, आणि प्रयोगशाळा फक्त पातळी मोजते.

विल्हेवाटीचा वेग किती महत्त्वाचा असतो हे गॅस्ट्रिनच्या दोन प्रकारांवरूनच कळते. जठराच्या खालच्या भागात साठवलेले गॅस्ट्रिन बहुतांशी १७ अमिनो आम्लांचे असते. रक्तात मात्र ३४ अमिनो आम्लांच्या गॅस्ट्रिनचा वाटा बराच मोठा दिसतो, कारण धाकट्याचे रक्तातील प्रमाण काही मिनिटांतच निम्म्यावर येते, तर थोरल्याला त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक लागू शकतो. मूत्रपिंड मंदावले की ही रेंगाळ आणखी वाढते. यकृत येथे फारशी मदत करत नाही. ते गॅस्ट्रिनचे अगदी छोटे तुकडे चटकन काढून घेते, पण हे दोन प्रमुख प्रकार त्याच्यातून बरेचसे तसेच पुढे जातात. लहान आतड्यासारखे इतर अवयव काही भार उचलतात, म्हणूनच मूत्रपिंडे निकामी झाली तरी गॅस्ट्रिन अमर्याद वाढत नाही.

सगळी वाढ मूत्रपिंडाच्या खात्यावर टाकणेही बरोबर नाही, आणि माझ्या मते ही चूक बऱ्याचदा होते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या काही रुग्णांच्या जठरात आम्लच कमी तयार होते. जठरातील आम्ल हे गॅस्ट्रिनला लागलेले लगाम असते. आम्ल घटले की जी-पेशी अधिक गॅस्ट्रिन सोडतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्याही आम्ल अडवूनच काम करतात, त्यामुळे त्या नियमित घेणाऱ्या, मूत्रपिंडे उत्तम असलेल्या माणसातही गॅस्ट्रिन दुप्पट ते चौपट होणे नवलाचे नसते. म्हणजे आपल्या वडिलांच्या बाबतीत निर्मिती वाढवणारे एक कारण आणि विल्हेवाट मंदावणारे दुसरे कारण एकाच वेळी हजर आहेत. त्या दोहोंत ३८० हा आकडा सहज बसतो.

आपण वाचलेली गाठ म्हणजे गॅस्ट्रिनोमा. झोलिंगर आणि एलिसन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९५५ साली तिच्याशी निगडित आजाराचे वर्णन केले. हा आजार दुर्मीळ आहे आणि त्यात जठरात आम्लाचा पूर येतो, वारंवार अल्सर होतात, अनेकदा जुलाबही होतात. म्हणून संशय असल्यास केवळ गॅस्ट्रिन पाहून भागत नाही, जठरातील आम्लताही मोजावी लागते. गॅस्ट्रिन १००० च्या पुढे आणि जठररसाचा पीएच २ पेक्षा कमी, अशी जोडी आढळली तर संशय बळकट होतो; आम्ल मुळातच नसेल तर हजाराच्या पुढचा आकडाही गाठीचा पुरावा ठरत नाही. मधल्या आकड्यांसाठी सिक्रेटिन टोचून गॅस्ट्रिन वाढते का हे पाहण्याची चाचणी आहे. क्रोमोग्रॅनिन-ए नावाची आणखी एक तपासणी अशा वेळी सुचवली जाते, पण तीही मूत्रपिंडाच्या आजारात आणि याच गोळ्यांमुळे वाढते, तेव्हा ती करून घेतल्यास पुन्हा तीच भीती घरात शिरेल.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात : रक्त उपाशीपोटी घेतले होते का, आणि गोळी काही दिवस थांबवून तपासणी पुन्हा करणे योग्य ठरेल का. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. क्वचित प्रसंगी खरोखर गाठ असलीच, तर अचानक गोळी थांबवल्याने अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून फॅमोटिडीन आणून देणेही टाळावे. ते औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जाते आणि या आजारात त्याची मात्रा कमी करावी लागते.

प्रश्न : आईचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा होते. जिचा दिवस कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीशिवाय जात नसे, ती आता दोन घासांत पोट भरले म्हणते. डायलिसिसमुळे रक्त शुद्ध होत असेल तर भूक का परतत नाही? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : पोट भरल्याची जाणीव देणारी काही संप्रेरके आतड्यातून येतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन सुटते. ते जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पुरे झाल्याचे कळवते. पीवायवाय हे आतड्याच्या शेवटच्या भागातून येते आणि भूक दाबते. मूत्रपिंडविकारात या दोहोंचे रक्तातील प्रमाण वाढलेले आढळते. चरबीतून येणारे लेप्टिन हे आतड्याचे संप्रेरक नव्हे, पण तेही भूक कमी करते, त्याचीही विल्हेवाट मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडात होते, आणि म्हणून तेही साचते.

घ्रेलिनचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९९९ साली जपानी संशोधकांनी जठरातून शोधलेले हे संप्रेरक भूक वाढवते. डायलिसिसवरील रुग्णांत त्याचे एकूण प्रमाण अनेकदा जास्त असते आणि तरीही त्यांना भूक नसते. घ्रेलिनला मेदाम्लाची एक छोटी शेपटी जोडलेली असते तेव्हाच ते भुकेचे काम करते. मूत्रपिंडविकारात मुख्यतः साचते ते शेपटी नसलेले घ्रेलिन. अहवालावर एकच मोठा आकडा दिसतो आणि त्यातला कामाचा हिस्सा किती हे त्यावरून समजत नाही.

डायलिसिसने हे का जात नाही, याचे एक उत्तर रेणूंच्या वजनात आहे. युरियाचे रेणुभार ६०, क्रिएटिनिनचे ११३. असे हलके रेणू कृत्रिम पडद्यातून भराभर निघतात. गॅस्ट्रिनचा धाकटा प्रकार २००० च्या पुढे आणि लेप्टिन १६,००० च्या आसपास आहे. साध्या पडद्यातून असे रेणू फारच कमी जातात. मोठ्या छिद्रांचा, हाय-फ्लक्स म्हणून ओळखला जाणारा पडदा याबाबतीत बरा असतो, तरी तो आठवड्यातले काही तासच काम करतो आणि आतडी मात्र दिवसरात्र संप्रेरके सोडत असतात. शिवाय यंत्रात पडदा असतो, नलिका नसते. केसाळ अस्तरावरची विकरे आणि संप्रेरके आत ओढून मोडणाऱ्या पेशी डायलिसिसमध्ये कोठेच नाहीत. मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाले की वाढलेले गॅस्ट्रिन खाली येते, ते नलिकाही परत मिळते म्हणून.

तरीही आईची भूक केवळ या संप्रेरकांनी घालवली असे मी म्हणणार नाही. रक्तातील आम्लता, शरीरातील दाह, तोंडाची बदललेली चव, गोळ्यांची संख्या, मधुमेह असल्यास मंदावलेले जठर आणि मनाचा थकवा यांचाही यात भाग असतो, आणि डायलिसिस पुरेसे होते आहे का हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारायला हवा. आठवड्यातून दोन वेळा पुरेसे आहे की तिसऱ्या वेळेची गरज आहे, हे उपचार करणाऱ्या मूत्रपिंडतज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावे. डायलिसिसवरील व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि दोन घासांत उठणाऱ्या माणसाला ती दोन जेवणांत मिळत नाहीत. म्हणून दिवसभरात पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. कडक भाकरीऐवजी ताजी मऊ भाकरी गेली तर उत्तम. शेंगांच्या चटणीत फॉस्फरस, पोटॅशियम आणि मीठ तिन्ही असल्याने तिचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. चव यावी म्हणून चिमूटभर चालेल का, हे विचारायला संकोच करू नये.

प्रश्न : काकांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. पूर्वी ४० युनिट इन्सुलिन लागत असे, आता २४ युनिटांतही साखर कमी होते. नातेवाईक म्हणतात की मधुमेह बरा होत आहे. त्यांच्या पायांवर सूज आहे. वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही ते विचारत आहेत. — एक वाचक, बार्शी

उत्तर : पायांवर सूज आणि इन्सुलिनची घटलेली गरज एकत्र दिसत असेल तर आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे, आणि हे काम या आठवड्यातच करावे.

स्वादुपिंडातून सुटणारे इन्सुलिन प्रथम यकृतात जाते आणि तेथेच त्याचा सुमारे अर्धा भाग संपतो. टोचलेले इन्सुलिन त्वचेखालून थेट सर्व शरीरात पसरते, त्यामुळे त्याच्या विल्हेवाटीत मूत्रपिंडाचा वाटा अधिक मोठा होतो. मूत्रपिंडे दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर रक्तद्रवातील इन्सुलिन काढून घेतात. गाळले जाणारे प्रमाण सुमारे १२० मिलिलिटरच असते, म्हणजे उरलेले इन्सुलिन नलिकेभोवतीच्या केशिकांतून, मागच्या दाराने, पेशींत ओढले जाते. मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटली की ही दोन्ही कामे मंदावतात आणि टोचलेले इन्सुलिन रक्तात रेंगाळते. मूत्रपिंड स्वतः थोडी साखरही तयार करते, तीही कमी होते. परिणामी साखर अचानक खाली जाण्याचा धोका वाढतो. मधुमेह आहे तिथेच असतो. अशा वेळी इन्सुलिनची मात्रा टप्प्याटप्प्याने पाव ते निम्म्याने घटवावी लागते, पण ती डॉक्टरांनी साखरेच्या नोंदी पाहून ठरवावी. ते ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेत असतील तर हे आवर्जून सांगावे, कारण तिचे क्रियाशील अवशेषही याच आजारात साचतात. रक्तक्षय असल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणीही फसवी ठरू शकते.

नवी इंजेक्शने जीएलपी-१ या आतड्याच्या संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेली आहेत. मूळ जीएलपी-१ रक्तात एक-दोन मिनिटेच टिकते, कारण डीपीपी-४ हे विकर त्याचे टोक कापते. त्यानंतर उरलेला निकामी तुकडा मुख्यतः मूत्रपिंड काढून घेते. म्हणून मूत्रपिंडविकारात हे तुकडे साचतात, तर कामाच्या जीएलपी-१ वर त्याचा परिणाम कमी होतो. औषधांत मात्र फरक आहे. एक्झेनाटाइड मूत्रपिंडातून गाळले जाते, म्हणून क्षमता फार घटल्यावर ते देत नाहीत. सेमाग्लुटाइडला मेदाम्लाची शेपटी जोडून ते अल्ब्युमिनला चिकटेल असे केले आहे. अल्ब्युमिन गाळणीतून जात नाही, त्यामुळे तेही जात नाही आणि आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्या सुमारे साडेतीन हजार रुग्णांवरील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइडमुळे मूत्रपिंडाच्या गंभीर घटनांचा धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. एवढ्यावरून ते स्वतःहून सुरू करू नये. उलट्या आणि जुलाब हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना उलट्यांनी शरीरातील पाणी घटले तर आधीच अशक्त असलेल्या मूत्रपिंडांना इजा होण्यास वेळ लागत नाही.

प्रश्न : मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. मूत्रपिंड संप्रेरके गाळत असेल तर रक्ताऐवजी लघवीतच ती का मोजत नाहीत? — एक वाचक, सात रस्ता

उत्तर : गाळलेल्या इन्सुलिनपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नलिका परत ओढून मोडते, आणि गॅस्ट्रिनचीही गत जवळपास तशीच आहे. लघवीत उतरते ते नलिकेच्या हातून निसटलेले. त्यामुळे लघवीतील वाढ रक्तातील वाढ दाखवते की नलिकेचा बिघाड, हे सांगता येत नाही. अपवाद आहेत. इन्सुलिन तयार होताना सुटणारे सी-पेप्टाइड लघवीत बऱ्यापैकी टिकते, म्हणून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे पाहण्यासाठी ते लघवीतही मोजता येते. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर तो आकडाही भरवशाचा राहत नाही. गर्भधारणेची घरगुती चाचणी ज्या एचसीजी संप्रेरकावर चालते, ते तर शर्करा जोडलेले मोठे प्रथिन आहे आणि त्याचा बराच भाग नलिकेत न तुटता लघवीत पोचतो. आतड्याच्या छोट्या संप्रेरकांना ही सवलत नाही. प्रात्यक्षिकासाठी विषय हवा असेल तर समीपस्थ आणि दूरस्थ नलिकेच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहा : एकीत केसाळ अस्तर दाट दिसेल, दुसरीत ते दिसणार नाही.